सेन्सरच बघतो अन् सेन्सरच ठरवतो, असा कॅमेरा वावरात चालेल का?

धुऱ्यावरचा – ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. जिल्हा वर्धा, तालुका समुद्रपूर. घरचं सहा एकर वावर आहे. कपाशी, तूर, अन् एका तुकड्यात आता हरभरा पेरला. जंगल दीड किलोमीटरवर. डुकरं अन् रोही (नीलगाय) ठरलेले. बाबा एकसष्ट वर्षांचे झाले तरी रात्रीच्या जागलीले (राखणीले) तेच जातात, मले जाऊ देत नाहीत. मागच्या महिन्यात मचाणीवरून उतरताना त्यांचा पाय सटकला. घोट्यावरच निभावलं, पण तेव्हापासून माझ्या डोक्यात हाच विषय आहे.

सिमकार्डवाला कॅमेरा लावून पाहिला. वावरात टॉवरची एक काडी, तीही वारा असेल तशी. रात्री दोन वाजताचा डुकरांचा फोटो मले सकाळी साडेसहाले आला. तोवर हरभऱ्याची पाच तासं उकरून झाली होती. बॅटरीही दुसऱ्या रात्री बसली.

आता वाचून राहिलो की असे सेन्सर निघाले आहेत जे चित्र बाहेर पाठवतच नाहीत. प्रकाश पडला की तिथल्या तिथं हिशोब करतात अन् फक्त उत्तर देतात. मले चित्र नकोच आहे. "डुक्कर आलं" एवढा निरोप पाहिजे, तोही वेळेवर. हे खरंच आहे का? असेल तर माझ्यासारख्याले घेता येईल असं काही आहे का?

रोहीत्रस्त – ९ नोव्हेंबर, रात्री १०:५८

नाव वाचूनच कळलं असेल मी कोणत्या गटात आहे. धागा पकडून बसतो.

सायंतारा – ९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

पुण्यात वाढले, म्हणून विचारते. धुरा म्हणजे बांध का? आणि "पाच तासं" म्हणजे?

धुऱ्यावरचा – ९ नोव्हेंबर, रात्री ११:२२

हो ताई, धुरा म्हणजे बांध. तास म्हणजे पेरलेली ओळ. घड्याळाचा तास नाही :)

चिपचिकित्सक – १० नोव्हेंबर, सकाळी ७:३०

भाऊ, खरं आहे. पण या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, म्हणून आधी त्या सोडवून घेऊ. (मूळ अमरावती, पोट चिप डिझाइनवर.)

साधा डिजिटल कॅमेरा म्हणजे नुसता हमाल. १९२० गुणिले १०८० च्या चित्रात जवळपास २०.७ लाख पिक्सेल. सेकंदाला ३० चित्रं धरली तर सहा कोटींच्या वर आकडे दर सेकंदाला सेन्सरमधून बाहेर काढायचे, तारेवरून वाहायचे, मेमरीत ठेवायचे, मग प्रोसेसरनं चाळायचे. रात्रभरात त्यातले उपयोगाचे किती? डुक्कर आलं ते दोन मिनिटांचे. बाकी सगळा अंधार अन् तुरीच्या फांद्या. वीज खाल्ली जाते ती मुख्यतः या वाहतुकीत अन् चाळणीत.

आता पहिला प्रकार. सेन्सर नेहमीचाच, पण कॅमेऱ्याच्या डब्यातच छोटा संगणक. आपल्या कान्हा-पेंच पट्ट्यात ट्रेलगार्ड नावाचे कॅमेरे लावले होते ते या जातीचे. वाघ ओळखून अर्ध्या मिनिटाच्या आसपास वनखात्याच्या माणसाच्या फोनवर फोटो. काम उत्तम, पण विचार करतो तो डबा. सेन्सर नाही.

दुसरा, सोनीचा आयएमएक्स५००. हा मे २०२० मध्ये जाहीर झाला. वरच्या थरात १२३ लाख पिक्सेल अन् त्याच्या पाठीला चिकटवलेल्या खालच्या थरात हिशोबाची चिप अन् मेमरी. चित्र त्या सँडविचच्या बाहेर न काढता "काय आहे, कुठं आहे, किती खात्री आहे" एवढंच बाहेर येऊ शकतं. मोबाइलनेट नावाचं एक प्रसिद्ध छोटं न्यूरल नेटवर्क (फोटो दाखवून शिकवलेला ओळखायचा प्रोग्राम) तो ३.१ मिलिसेकंदात चालवतो असं कंपनी सांगते.

तिसरा खरा जातिवंत: जिथं पिक्सेल स्वतःच गणित करतो. २०२० सालीच व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठात टंगस्टन डायसेलेनाइड नावाच्या पदार्थाच्या अतिपातळ थराचे फोटोडायोड (प्रकाश पडला की वीज देणारे तुकडे) बनवले, तीन गुणिले तीन असे नऊ पिक्सेल, प्रत्येकात तीन भाग. प्रत्येक भागाची प्रकाशाला दाद देण्याची ताकद व्होल्टेजनं कमी-जास्त करता येते, उलटी सुद्धा करता येते. कसं समजा, नऊ दांडांचं पाणी एकाच चारीत येतं. कोणता दांड किती उघडा ठेवायचा हे आधी शिकवून ठेवलं. मग चारीत शेवटी किती पाणी आलं ते पाहिलं की उत्तर मिळालं. बेरीज कोणी बसून केली नाही, पाण्यानंच केली. तिथं पाण्याऐवजी विजेचा प्रवाह. ५० नॅनोसेकंदांच्या आसपास उत्तर. पण ओळखत काय होतं? एन, व्ही अन् झेड ही तीन अक्षरं. डुक्कर फार लांब आहे.

गुरुजी_चिमूर – १० नोव्हेंबर, दुपारी १:०५

दांडाचा दाखला फार आवडला साहेब, वर्गात वापरणार.

मी एक भर घालतो. हे नवलाचं यंत्र आपल्या घराघरात वीस-पंचवीस वर्षांपासून आहे. लाल दिव्याचा ऑप्टिकल माउस! आमच्या शाळेत बंद पडलेले चार माउस होते. आठवीच्या पोरांना स्क्रू-ड्रायव्हर दिला अन् एक उघडायला लावला. आत भिंगाच्या वर काळी चिप, तिच्या पोटाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक. त्या भोकातून ती टेबलाचा पृष्ठभाग बघते. जुन्या एका प्रसिद्ध चिपमध्ये १८ गुणिले १८ म्हणजे ३२४ पिक्सेलच, पण सेकंदाला १५०० चित्रं. दोन चित्रं एकावर एक ठेवून किती सरकलं ते त्याच चिपवर ठरतं. संगणकाकडे चित्र जातच नाही, "इतकं उजवीकडे, इतकं वर" एवढे दोन आकडे जातात. एका पोरीनं विचारलं, "सर, म्हणजे याले टेबल दिसते पण टेबल कोणते ते माहीत नाही?" मी म्हटलं बाई, तू बरोबर जागेवर बोट ठेवलं.

आणि त्याच्याही आधीचा नमुना आपल्या डोळ्यात. पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी साडेबारा कोटींच्या घरात, पण मेंदूकडे जाणारे धागे दहा-बारा लाख. शंभराच्या वर पेशींमागे एक धागा. म्हणजे निवड डोळ्यातच होते. अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठात मिशा महोवाल्ड अन् कार्व्हर मीड यांनी हेच सिलिकॉनमध्ये उतरवलं, त्यावर १९९१ मध्ये लेखही छापून आला होता.

बेडकाचं तर त्याहून भारी. १९५९ मध्ये लेटविन अन् सहकाऱ्यांनी दाखवलं की बेडकाच्या डोळ्यातल्या काही धाग्यांना लहान, काळा, हलणारा ठिपकाच कळतो. माशी हलली तर जेवण. मेलेल्या माश्यांच्या ढिगात बसवला तर उपाशी मरेल.

रोहीत्रस्त – १० नोव्हेंबर, दुपारी १:२०

म्हणजे भाऊले बेडूकच पाहिजे, फक्त माशीच्या जागी डुक्कर.

चिपचिकित्सक – १० नोव्हेंबर, दुपारी १:४८

तसा बेडूक आहे बाजारात! त्याला इव्हेंट कॅमेरा म्हणतात. त्यात चित्र अशी चीजच नाही. प्रत्येक पिक्सेल आपल्या पुरता जागा. उजेड ठरावीक प्रमाणात बदलला की तोच ओरडतो, नाही तर गप्प. २००८ मध्ये लिच्टश्टायनर, पॉश अन् डेलब्रुक यांचा १२८ गुणिले १२८ चा प्रसिद्ध झाला. आता १२८० गुणिले ७२० चे मिळतात. काहीच हललं नाही तर बाहेर जवळपास काहीच येत नाही, म्हणून वीज वाचते.

पण भाऊ, घ्यायची घाई करू नका. प्रयोगशाळेत मागची भिंत हलत नाही. तुमच्या वावरात तूर आहे. वारा सुटला की प्रत्येक फांदी, प्रत्येक पान ओरडणार. किंमतही तुमच्या-माझ्या खिशाची नाही.

सॉर्टेक्सवाला – १० नोव्हेंबर, रात्री ९:१०

अकोल्यात दालमिलमध्ये कलर सॉर्टर चालवतो, बारा वर्षं झाली. माझ्या मशीनचंही हेच काम. तूरडाळ वरून घसरगुंडीवरून पातळ पडद्यासारखी खाली येते, दोन्ही बाजूंनी कॅमेरे, काळा दाणा, सालपटाचा दाणा, खडा दिसला की खालचा नोझल हवेचा फटका मारतो अन् तेवढा एकच दाणा बाजूला उडतो. दाणा कॅमेऱ्यासमोरून नोझलपर्यंत पोहोचायच्या आत निकाल लागलेला पाहिजे. डोळ्याची पापणी लवायच्या आत डझनावारी फटके. माल चांगला असला तर टक… टक. माल डागी असला तर टिनाच्या छपरावर गारा पडाव्या तसा आवाज. मी आता आवाजावरून सांगतो कोणत्या गावची तूर आहे.

मुद्दा हा की मशीन कितीही हुशार असो, काचेवर भुकटी बसली की आंधळं. दर काही मिनिटांनी वायपर फिरतो तरी पाळीत दोनदा मी हातानं पुसतो. अन् सेटिंग फार कडक केली की चांगली डाळही रिजेक्टमध्ये जाते, मालक बोंबलतो. तुमच्या वावरात धूळ, दव, कोळ्याचं जाळं. त्याचं काय करणार ते आधी ठरवा.

चिपचिकित्सक – १० नोव्हेंबर, रात्री ९:३२

दादा, तुमच्या मशीनमध्ये निकाल सेन्सरशेजारच्या बोर्डावर लागतो, सेन्सरमध्ये नाही. पण काचेचा मुद्दा लाखमोलाचा.

सॉर्टेक्सवाला – १० नोव्हेंबर, रात्री ९:४०

शेजारी असो की आत, दाणा उडाला पाहिजे.

मोहफूल – ११ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडची. आमचं गाव बफरला, म्हणजे वाघाच्या राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्याला लागून. या विषयात एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे जंगलाच्या वाटेवर कॅमेरे असतात, वाघासाठी. त्याच वाटेनं आम्ही बाया मोहफुलं वेचायला, तेंदूपानाला, सरपणाला जातो. एप्रिलमध्ये पहाटे चारला निघावं लागते. झाडावरचा तो डबा दिसला की आम्ही पदर सावरतो, गाणं म्हणत असलो तर गप्प होतो. गाणं म्हणायचं तर असते, कारण आवाजानं जनावर बाजूला होते. त्या डब्यात आमचे किती फोटो आहेत, कोण पाहते, आम्हाला माहीत नाही. वाघाची भीती आहे तशी ही पण एक गोष्ट आहे.

म्हणून चित्र बाहेरच न देणारा सेन्सर असेल तर मला तो बॅटरीसाठी नाही, यासाठी पाहिजे. "वाघ" एवढं सांगावं अन् माणूस दिसला तर विसरून जावं.

पऱ्हाटी – ११ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

ताई, +१. हे मी पुरुषांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

चिपचिकित्सक – ११ नोव्हेंबर, सकाळी ९:००

मोहफूल ताई, तुमचं म्हणणं या तंत्राच्या मुळाशी जातं. आयएमएक्स५०० ला "फक्त निकाल दे" असं सांगता येतं. पण "चित्रही दे" असंही सांगता येतं. म्हणजे भरवसा चिपवर नाही, ती लावणाऱ्यावर. व्हिएन्नावाल्या जातीत मात्र चित्र कधी तयारच होत नाही, शेवटी फक्त बेरीज उरते. मला स्वतःला ती जात म्हणूनच जास्त मोलाची वाटते. तोवर ग्रामसभेनं विचारलं पाहिजे की डब्यातून काय बाहेर जातं, ते लिहून द्या.

पऱ्हाटी – ११ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

थोडं अवांतर, पण विषय तोच. यवतमाळकडची कास्तकार आहे. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावते. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग आले की फवारणीचा इशारा समजायचा. पण रोज सकाळी पाच सापळे उघडून, मेलेले पतंग कागदावर झटकून मोजणार कोण? पोरं शाळेत, मी निंदणीत. कॉटनएस नावाचं अ‍ॅप आहे, पतंगांचा फोटो काढला की मोजून देते. तरी उघडणं-झटकणं मलाच. सापळ्याच्या तोंडाशीच असा सेन्सर बसला अन् रात्री "आज नऊ" असं सांगितलं तर? पतंग तर हलणारा लहान ठिपकाच. गुरुजींच्या बेडकाचं जेवण.

गुरुजी_चिमूर – ११ नोव्हेंबर, दुपारी १:१०

ताई, हे वावरातल्या डुकरापेक्षा सोपं आहे. जागा बंद, अंतर ठरलेलं, वारा नाही, अन् फक्त मोजायचं आहे.

संत्र्याची_बाग – ११ नोव्हेंबर, रात्री ८:२५

एवढं मोठं कशाला? पीआयआर लावा, हालचाल टिपणारा साधा सेन्सर. अंगणातल्या दिव्यावर असते तो पांढरा घुमट. स्वस्त, दोन पेन्सिल सेलवर महिने काढते. आमच्या वरुडच्या बागेत तीन आहेत.

चिपचिकित्सक – ११ नोव्हेंबर, रात्री ८:५०

काकांचं बरोबर आहे, अन् गंमत म्हणजे पीआयआर ही या घराण्यातली सगळ्यात गरीब पण खरी नातेवाईक. त्यात उष्णतेच्या किरणांना जागणारे दोन तुकडे उलट-सुलट जोडलेले. दोघांवर सारखी उष्णता पडली तर वजाबाकी होऊन शून्य. जनावर एकासमोरून दुसऱ्याकडे सरकलं की फरक येतो. हिशोब तारेतच झाला. अवगुण एवढाच की डुक्कर, कुत्रं, बाबा, सगळे तिला सारखे. आणि आपल्या मे महिन्यात हवाच ४५ अंशावर जाते, अंगाच्या अन् मागच्या जमिनीच्या उष्णतेत फरक उरत नाही, तेव्हा ती मंदावते.

संत्र्याची_बाग – ११ नोव्हेंबर, रात्री ९:०५

मे मध्ये बंदच पडल्यासारखी होते, हे आज कळलं का ते. चार वर्षं मी सेल बदलत होतो. पण हरभरा थंडीतला आहे, तिथं पळेल.

रोहीत्रस्त – ११ नोव्हेंबर, रात्री ९:३०

एक हात जोडून विनंती, कोणी कुंपणात घरची लाइन सोडायचा विचार मनात आणू नका. बाजूच्या गावात असा माणूस गेला आहे. थांबून-थांबून क्षणभराचा झटका देणारं झटका मशीन वेगळं, लाइन वेगळी.

धुऱ्यावरचा – १२ नोव्हेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. रोहीत्रस्त भाऊ, बाबांनी पहिल्या दिवसापासून तीच शपथ घातली आहे.

चिपचिकित्सक दादा, तो आयएमएक्स५०० रास्पबेरी पायच्या (तळहाताएवढ्या संगणक-बोर्डाच्या) एआय कॅमेऱ्यात मिळतो असं दिसलं. सप्टेंबर २०२४ मध्ये ७० डॉलरला काढला. एक हंगाम वाचवला तर वसूल. घेऊ का?

चिपचिकित्सक – १२ नोव्हेंबर, रात्री १०:४५

घ्या, पण तीन खड्डे दाखवून ठेवतो.

त्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच आहे. म्हणजे रात्री न दिसणारा इन्फ्रारेड दिवा लावून उपयोग नाही, त्याला काळोखच दिसेल. उजेड लागेल, किंवा तिन्हीसांजेपुरतं काम.

सेन्सरमध्ये नेटवर्कसाठी सगळं मिळून ८ एमबीच्या आसपास जागा. तयार मिळणारी बहुतेक नेटवर्कं ज्या ८० वस्तूंवर शिकलेली असतात त्यात जिराफ आहे, झेब्रा आहे, पण डुक्कर नाही! फोटो जमवून शिकवावं लागेल.

अन् सेन्सर कितीही कमी खावो, मागचं बोर्ड रात्रभर जागं राहतं. दोघं मिळून दोन वॅट धरा. फवारणीच्या पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर ९६ वॅट-तास. पूर्ण उतरवायची नाही, म्हणून दोन रात्री समजा, तिसऱ्या दिवशी सोलर पाहिजेच. पीआयआरनं बोर्ड झोपेतून उठवतो म्हणाल तर ते उठेपर्यंत डुकराचं जेवण आटोपेल.

गुरुजी_चिमूर – १२ नोव्हेंबर, रात्री ११:०२

इन्फ्रारेड काच तपासायची सोपी युक्ती: टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटन दाबा. टोकाचा बल्ब जांभळट चमकला तर थोडं तरी आत जातं. पोरांना मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर दाखवतो, फार हरखतात.

सायंतारा – १३ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

चार दिवसांत मी एवढं कुठल्या वर्गात शिकले नव्हते. बाबांचा घोटा कसा आहे?

धुऱ्यावरचा – १३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

सूज उतरली ताई. चालतात, पण मचाणीचं नाव काढू देत नाही आम्ही.

धुऱ्यावरचा – १८ जानेवारी, रात्री ८:३०

दोन महिन्यांनी धागा वर काढतो, कारण इथंच विचारलं होतं तर इथंच सांगावं.

काकांचं ऐकून आधी पीआयआर लावल्या, जंगलाच्या बाजूच्या धुऱ्यावर चार. घरात घंटा वाजते, वावरात फोकस लागतो अन् जुना ट्रॅक्टरचा हॉर्न. पहिले आठ दिवस कुत्र्यांनीच झोपू दिलं नाही. मग एका खांबावर एआय कॅमेरा बसवला, फोकसच्या उजेडातच पाहायचं असं ठरवून. तयार नेटवर्कनं पहिल्या डुकराले एकदा गाय म्हटलं, एकदा अस्वल. बाबा म्हणाले, "अस्वल म्हणाला तो काही फार चुकला नाही, अंधारात मलेही वाटते." आता शेजारच्या चार वावरांतले मिळून सहाशेवर फोटो जमवले, चिपचिकित्सक दादांनी रात्री बसून शिकवणी करून दिली. त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही.

आता पीआयआरनं फोकस लागतो, कॅमेरा बघतो, डुक्कर किंवा रोही म्हणाला तरच हॉर्न अन् घंटा. कुत्र्याले फक्त उजेड. वावरापासून घरापर्यंत चित्र येतच नाही, रेडिओवरून एक अक्षर येते. टॉवर लागत नाही. मोहफूल ताई, माणूस दिसला तर काही साठवायचं नाही हे पहिल्याच दिवशी लिहून टाकलं आहे त्यात.

चुकते. दाट धुक्याच्या दोन रात्री काहीच ओळखलं नाही, तेव्हा मी स्वतः जागलीले गेलो. सॉर्टेक्सवाले दादा, काच रोज संध्याकाळी बाबाच पुसतात, धोतराच्या सोग्यानं. हरभरा या वर्षी घाट्यांवर आला आहे.

सॉर्टेक्सवाला – १८ जानेवारी, रात्री ८:५५

सोग्यानं नको, ओरखडे पडतात. मऊ फडकं पाठवतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या.

पऱ्हाटी – १८ जानेवारी, रात्री ९:१०

डोळे भरले वाचून. आता माझ्या सापळ्याचं घ्या ना मनावर, जूनच्या आत.

चिपचिकित्सक – १८ जानेवारी, रात्री ९:२५

घेतलं ताई. रिकामा सापळा अन् पाच-दहा सुकलेले पतंग कुरियर करता येतील का?

रोहीत्रस्त – १८ जानेवारी, रात्री ९:४०

भाऊ, पीआयआर जमिनीपासून किती उंचीवर लावल्या? मी रोहीसाठी छातीएवढ्या लावतो, त्याच्या खालून डुकरं निघून जातात.

धुऱ्यावरचा – १८ जानेवारी, रात्री ९:५२

डुकरासाठी दीड फूट, थोडी वर तोंड करून. रोहीसाठी दुसरी चार फुटांवर लावा. अन् दोघींच्याही समोरचं गवत कापत राहा.